तोंडाच्या कर्करोगावर दोन डॉक्टरांची दोन मते आली, तर निर्णय कसा घ्यावा

बायोप्सीच्या अहवालात ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे तोंडाच्या कर्करोगाचा नेहमी आढळणारा प्रकार, असे आल्यानंतर एक डॉक्टर लगेच शस्त्रक्रियेची तारीख देतात, दुसरे आधी केमोचे दोन-तीन डोस सुचवतात आणि तिसरे केवळ रेडिएशनने भागेल असे म्हणतात, तेव्हा घरच्यांना वाटू लागते की यांपैकी कोणीतरी आपल्याला फसवत आहे. बहुतेक वेळा तसे नसते. एकतर तिघांसमोरची माहिती सारखी नसते, किंवा वैद्यकशास्त्रातच ज्या ठिकाणी दोन मार्ग खुले आहेत तिथे रुग्ण उभा असतो. म्हणून कोणाचे ऐकावे हे ठरवण्याआधी मतभेद यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे शोधून काढावे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. प्रत्येक डॉक्टरांनी तोच स्कॅन आणि तोच बायोप्सी अहवाल पाहिला होता का, हे विचारावे. गालाच्या आतल्या बाजूच्या किंवा हिरडीच्या कर्करोगात जबड्याचे हाड कितपत बाधित आहे हे सीटी स्कॅनवर चांगले कळते, तर जिभेत गाठ किती आतपर्यंत गेली आहे यासाठी एमआरआय अधिक उपयोगी पडतो. नुसते तोंड उघडून पाहून दिलेले मत आणि स्कॅन पाहून दिलेले मत वेगळे निघाले तर त्यात नवल नाही. दुसऱ्या रुग्णालयात जाताना केवळ छापील अहवाल नेऊ नये. बायोप्सीच्या काचा आणि मेणातले ठोकळे, म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक, प्रयोगशाळेकडून मागून घ्यावेत आणि स्कॅनची सीडीही सोबत ठेवावी, कारण अनुभवी पॅथॉलॉजिस्टने त्याच स्लाइड पुन्हा पाहिल्यावर निदानाचा तपशील बदलू शकतो.

रोगाची जागा आणि टप्पा प्रत्येक डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. 2018 पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात गाठीच्या लांबी-रुंदीबरोबर तिची खोलीही मोजली जाते, त्यामुळे दीड सेंटिमीटरची पण खोल गेलेली गाठ पहिल्या गटात राहत नाही. जागेबद्दल तर विशेष काळजी घ्यावी. टॉन्सिल आणि जिभेचा मागचा भाग हे घशात मोडतात आणि तिथल्या कर्करोगावर रेडिएशन व केमो हा मुख्य उपचार असू शकतो. अमेरिकेत घशाचा कर्करोग पुष्कळदा एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. तिथल्या नातेवाइकाने ‘आमच्याकडे शस्त्रक्रिया न करता बरे होतात’ असे सांगितले, तर तो बहुधा याच आजाराबद्दल बोलत असतो. तंबाखू, सुपारी, खर्रा, मिश्री यांमुळे गाल, हिरडी आणि जिभेच्या पुढच्या भागाला होणाऱ्या कर्करोगाला ते लागू नाही. गाठ काढता येण्याजोगी असेल आणि रुग्ण भूल सोसू शकत असेल, तर तोंडाच्या पोकळीच्या कर्करोगात शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार मानला जातो. त्याऐवजी केवळ रेडिएशन सुचवणाऱ्या डॉक्टरांकडून त्याचे कारण स्पष्ट शब्दांत मागावे.

आता नेहमी दिसणारे मतभेद पाहू. जिभेची गाठ लहान आहे, मानेत काही लागत नाही, तरीही एक सर्जन मानेतल्या लसीका ग्रंथी काढायलाच हव्यात असे म्हणतात आणि दुसरे थांबून लक्ष ठेवू म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातच शोधले गेले आहे. तिथल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातील 500 रुग्णांची तुलना केली होती. मानेची शस्त्रक्रिया आधीच केलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, तर मानेत गाठ आल्यावरच ती करायची असे ठरवलेल्यांमध्ये हे प्रमाण 67.5 टक्के होते. मात्र खोली 3 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेल्या गाठींत हा फायदा स्पष्ट दिसला नाही. म्हणजे आपली गाठ 2 मिलिमीटर खोल असेल तर दोन्ही मते प्रामाणिक असू शकतात. ती 8 मिलिमीटर खोल असताना कोणी थांबायला सांगत असेल, तर माझ्या मते ती सूचना तशीच स्वीकारू नये.

याहून गुंतागुंतीचा मतभेद आधी केमो की आधी शस्त्रक्रिया हा आहे, आणि रुग्णाचे सर्वांत जास्त नुकसान इथेच संभवते असे मी मानतो. काढता येण्याजोग्या तोंडाच्या कर्करोगात आधी केमो दिल्याने रुग्ण अधिक जगतात का, हे इटलीत आणि चीनमध्ये झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत तपासले गेले आणि आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. गाठ गालाच्या वरच्या अंगाने कवटीच्या तळाकडे सरकली आहे किंवा सूज इतकी पसरली आहे की निरोगी कडा ठेवून ती काढणे अशक्य आहे, अशा वेळी चित्र बदलते. तिथे केमोने गाठ आक्रसली तर काही रुग्ण शस्त्रक्रियेच्या आवाक्यात येतात. तेव्हा केमो सुचवणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारावे: गाठ आज काढता येत नाही म्हणून केमो देत आहात, की शस्त्रक्रियेची तारीख लांबची आहे म्हणून? दुसरे उत्तर आले, तर केमो घेत थांबण्यापेक्षा लवकर तारीख देणारे सक्षम रुग्णालय शोधणे शहाणपणाचे आहे. अलीकडे शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारे औषध, देण्याचा मार्गही पुढे आला असून 2025 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आहे, पण त्यातही शस्त्रक्रिया टळत नाही आणि औषध अतिशय महाग आहे. ते घ्यायचे ठरवताना त्याच्या पूर्ण कोर्सचा खर्च आधी लेखी मागावा.

शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण तो काढलेल्या भागाच्या अंतिम अहवालावर ठरतो. कापलेल्या कडेला रोग राहिला असेल किंवा ग्रंथीचे आवरण फोडून तो बाहेर आला असेल, तर रेडिएशनसोबत केमो दिला जातो. गाठ मोठी असणे, ग्रंथीत रोग असणे, नसांभोवती पसरणे अशा कारणांसाठी सहसा केवळ रेडिएशन पुरते. वय सत्तरीपलीकडे असेल, मूत्रपिंड किंवा ऐकू येणे कमजोर असेल, तर सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध द्यायचे की नाही यावर डॉक्टरांत मतभेद होणे रास्त आहे. रेडिएशन, म्हणजे बोलीत ‘लाईट’, साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागते.

मतभेद माहितीने मिटला नाही, तर तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या एकट्या डॉक्टरकडे फिरू नये. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो या तिन्ही शाखांचे तज्ज्ञ एकत्र बसून प्रकरण पाहतात असा ट्यूमर बोर्ड असलेले रुग्णालय गाठावे आणि बोर्डाचा निर्णय फाईलवर लिहून मागावा. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याने भारतीय रुग्णालयांसाठी तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्वांना पाहता येतात. ‘आमचा उपचार या सूचनांपासून वेगळा असेल तर का?’ असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. सर्जनना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: अशा शस्त्रक्रिया ते नियमित करतात का, आणि जबडा किंवा जीभ काढल्यावर जागा भरण्यासाठी छातीच्या स्नायूचा, पायाच्या हाडाचा की आणखी कुठला भाग वापरणार. दोन मते एकाच उपचाराची असूनही पुनर्रचनेत फरक असू शकतो, आणि पुढे खाणे-बोलणे कसे राहील हे त्यावर बरेच अवलंबून असते.

या साऱ्यासाठी एक ते दोन आठवडे पुरेसे धरावेत. गाल आणि हिरडीचा रोग झपाट्याने वाढू शकतो आणि दुसरे मत मिळवण्यात दोन महिने गेले, तर आज काढता येणारी गाठ उद्या तशी राहीलच असे नाही. याच काळात जडीबुटी, लेप किंवा उपवास यांनी गाठ जिरवून देण्याचा दावा करणारे भेटतात. त्यांचे मत मतभेदाच्या हिशेबात धरूच नये.

शेवटचा निर्णय रुग्णाचा असतो, आणि आपल्याकडे नेमके त्यालाच अंधारात ठेवले जाते. वडिलांना कॅन्सर म्हटले तर ते खचतील, म्हणून मुले परस्पर ठरवतात. पण चेहऱ्यात बदल, नळीने आहार, महिनाभराची सुटी, गावाहून रोज येणे-जाणे हे त्यांनाच सोसायचे आहे. दोन्ही मार्गांत बरे होण्याची शक्यता जवळपास सारखी असेल, तर त्यांना काय सोसवेल आणि काय नको, यालाच वजन द्यावे. खर्चाची चौकशीही त्याच बैठकीत करावी: रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का, सुचवलेला नेमका उपचार त्यात बसतो का, आणि मंजुरीला किती दिवस लागतात.

मार्ग ठरला की शस्त्रक्रियेच्या तारखेबरोबरच रेडिएशनचीही तजवीज करून ठेवावी, कारण ते लागणार असेल तर शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे. रेडिएशनपूर्वी दंतवैद्याला दाखवून किडलेले दात काढून घ्यावेत आणि जखम भरायला दोन आठवडे द्यावेत. रेडिएशननंतर दात काढल्यास जबड्याचे हाड सडण्याचा धोका असतो.