अलक ग्रुपवर टाकण्याआधी

अलक म्हणजे अतिलघुकथा. ती शंभरेक शब्दांत बसवायची तर पात्रं दोन आणि प्रसंग एकच धरा. पहिला खर्डा दीडशे शब्दांचा होऊ द्या. कापायला काहीतरी हवं. सुरुवातीची हवापाण्याची वाक्यं बहुतेक बिनकामाची असतात, ती आधी उडवा. "नागपुरात मे महिन्यात भयंकर ऊन होतं" यापेक्षा "कूलरची टाकी दुपारीच कोरडी पडली" हे वाक्य ऊनही सांगतं आणि पुढच्या भांडणाला निमित्तही देतं.

बोली संवादातच ठेवा. "काहून थांबून राहिला बे?" एवढ्यानं माणूस नागपूरच्या बर्डीवरचा आहे हे कळतं. निवेदनातही 'मले-तुले' भरलं तर कोल्हापूरचा वाचक अडखळतो, आणि प्रत्येक वाक्याला 'बे' लावला की पात्राचं विडंबन होतं. हे फार दिसतं.

शेवटच्या ओळीतला धक्का हा तर नेहमीचा रोग. त्याची खूण आधी कुठेतरी पेरलेली नसेल तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. ती ओळ झाकून वाचा. कथा तिच्याशिवाय उभी राहत असेल तर खुशाल काढा.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला चिकटवला की अक्षरांची खिचडी होते. मजकुराचा फोटो नको, त्यातली ओळ उचलून कुणाला दुरुस्ती सहज सुचवता येत नाही. खाली नाव लिहा, नाहीतर दोन-तीन फॉरवर्डनंतर कथा बेवारस. "कशी वाटली?" विचारलं तर नुसते अंगठे येतात, "नवरा खोटं बोलतोय हे कुठल्या ओळीला कळलं?" असं काहीतरी नेमकं विचारा.