जुनी गाडी: दुरुस्ती की निरोप?
नुसता किलोमीटरचा आकडा बघून गाडी विकायला काढू नका. आधी ती रॅम्पवर चढवून खालून बघा. चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, गंज असेल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. पत्रा आत गेला, पापुद्रे सुटले, तर इंजिन कितीही गोड चालत असो, पुढे खर्च करू नका. क्लच, शॉकअब्सॉर्बर, बॅटरी ही झिजणारीच कामं, ती बिनधास्त करा. सायलेन्सरमधून निळा धूर येतोय म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन उघडायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट बनतोय का याची तपासणी, करून घ्या.

मग वर्षभराची बिलं काढा. टायर-बॅटरी वगळून उरलेली बेरीज गाडीच्या आजच्या किमतीजवळ गेली, की मी तरी मन घट्ट करतो. (माझी बिलं दोनदा मोजली. बेरीज बदलली नाही.)