नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये शार्प लिहायचा की फ्लॅट?

संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पियानोसारखा कीबोर्ड जोडून वाजवत स्वर भरले की नको ते अक्सिडेंटल (अर्धा स्वर चढवणारं शार्प, अर्धा उतरवणारं फ्लॅट, ते रद्द करणारं नॅचरल ही चिन्हं) हमखास येतात. मिडी, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक यांच्यातली सांकेतिक भाषा, फक्त पट्टीचा नंबर पाठवतं. मधला सी म्हणजे ६०, पुढची काळी पट्टी ६१. ती सी शार्प की डी फ्लॅट, हे त्या नंबरात कुठेच नसतं. सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. म्हणून आधी की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची, सगळीकडे लागू होणारी शार्प-फ्लॅटची चिन्हं) टाका, मग स्वर. मिडी फाइल उघडल्यावरही हीच गत. दुसऱ्या प्रोग्राममध्ये स्कोअर (संगीताची लिखित प्रत) न्यायचा असेल तर म्युझिकएक्सएमएल हा फाइलप्रकार वापरा, त्यात स्वराचं नाव आणि त्याची चढ-उतार स्वतंत्र नोंदलेली असते.

नाव ठरवताना स्वर कुठे निघालाय ते पाहा. वर सरकणार असेल तर बहुधा शार्प, खाली उतरणार असेल तर फ्लॅट. ए मायनरमध्ये चढवलेला सातवा स्वर जी शार्पच. ए फ्लॅट लिहिलात तर तो आणि ए एकाच जागी बसतात आणि नॅचरलची चिन्हं उगाच वाढतात. जी शार्प मायनरमध्ये याच न्यायाने एफ डबल शार्प (दोनदा चढवलेला एफ) येतो. तो बघून घाबरून जी नॅचरल करणारे पुष्कळ; करू नका. ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट यांच्या जोडीला एफ शार्प असेल तर तो जी या स्वराकडे चढतो. तीच पट्टी जी फ्लॅट म्हणून लिहिली की वाचणारा डी फ्लॅटची वाट पाहतो.

म्यूझस्कोर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये स्वर निवडून J हे अक्षर दाबलं की नाव बदलतं, आवाज तोच राहतो. वरचा बाण अर्ध्या स्वराने चढवताना शार्प देतो, खालचा बाण फ्लॅट. टूल्समधलं ‘रिस्पेल पिचेस’ (स्वरांची नावं आपोआप नव्याने ठरवणारी आज्ञा) सगळ्या स्कोअरवर चालवायचं असेल तर सुरुवातीलाच चालवा, नाहीतर हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जाऊ शकतात. सिम्बॉलच्या यादीतून उचललेला शार्प मात्र नुसतं चित्र असतं. प्लेबॅकमध्ये स्वर हलत नाही. लिलीपाँड या, स्वर मजकुरासारखे टाइप करायच्या सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी: जी मेजर असलं तरी एफ शार्प पूर्ण लिहावा लागतो, नुसता एफ लिहिला तर नॅचरल छापून येतो.

अक्सिडेंटल त्या बारपुरतं (दोन उभ्या रेषांमधल्या भागापुरतं) आणि त्याच सप्तकापुरतं. टायने (एकाच उंचीचे दोन स्वर जोडणाऱ्या कमानीने) बाररेषा ओलांडली तर जोडलेल्या स्वराला ते लागू राहतं, पण त्यानंतर तोच स्वर पुन्हा आला की चिन्ह परत हवं. अशा जागी आठवणीचं चिन्ह कंसात दिलेलं बरं. लिलीपाँडमध्ये त्यासाठी स्वराच्या नावानंतर प्रश्नचिन्ह टाकतात.

पार्ट (एकेका वाद्याची वेगळी प्रत) छापण्याआधी कॉन्सर्ट पिच, म्हणजे स्वर प्रत्यक्ष ऐकू येतात तसे दाखवायची सोय, बंद करून एकदा बघाच. बी फ्लॅट क्लॅरिनेटचे स्वर एक पूर्ण स्वर वर लिहितात, म्हणून त्याला बी मेजरचं सी शार्प मेजर होतं, म्हणजे सात शार्प. वाद्याच्या सेटिंगमध्ये फ्लॅटला पसंती द्या, डी फ्लॅट मेजरचे पाच फ्लॅट येतील.