मे महिन्यात ग्राफिक्स कार्ड तापतंय? पेस्ट बदलण्याआधी हे करा

मराठवाड्यात लग्नसराई आणि उन्हाळा एकदमच येतात. परभणी-नांदेडच्या स्टुडिओंत लग्नाच्या व्हिडिओंचं रेंडरिंग दिवसरात्र चालू असतं, बाहेर पारा ४२च्या वर आणि खोलीच्या डोक्यावर स्लॅब नाहीतर पत्रे. कार्ड ८५-८८ अंशांवर गेलं, क्लॉक (चिपचा वेग) पडायला लागला की पहिला सल्ला हमखास मिळतो: पेस्ट, म्हणजे चिप आणि तिच्यावरच्या धातूच्या हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप, बदलून टाका. आमचं मत उलटं आहे. पेस्ट हे शेवटचं काम. आधी मोजमाप, मग खोली आणि कॅबिनेटची हवा, मग धूळ, मग वॅट. या क्रमाने गेलात तर बऱ्याच वेळा कार्डाचा एकही स्क्रू खोलावा लागत नाही.

आधी फरक काढा

नुसता ८४ हा आकडा काहीच सांगत नाही. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर उभं असतं. खोली दहा अंशांनी तापली की त्याच कामाला, पंख्याच्या त्याच वेगावर, कार्डही जवळपास दहा अंशांनीच वर जातं. म्हणून घरात लावायचा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा आत शिरते तिथे ठेवा. एचडब्ल्यू इन्फो किंवा जीपीयू-झेड हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू करून तुमचं नेहमीचं काम, म्हणजे रेंडर किंवा गेम, वीस मिनिटं चालवा. आकडा स्थिरावला की त्यातून खोलीचं तापमान वजा करा.

समजा डिसेंबरात खोली २८ आणि कार्ड ७२ होतं, मे महिन्यात खोली ४० आणि कार्ड ८४ आहे. दोन्ही वेळा फरक ४४. कार्डात काही बिघडलेलं नाही, खोली तापली आहे. हाच फरक मे महिन्यात ५५ झाला असेल, तर मात्र धूळ, पंखा किंवा पेस्ट यांपैकी कुठेतरी गडबड आहे. एक चिकटपट्टी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लावून त्यावर तारीख, पंख्याचा वेग आणि हा फरक लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच कामाला येतो. फरमार्क हा चाचणीचा प्रोग्रॅम चालवून घाबरून जाऊ नका. तो कार्डावर इतका भार टाकतो की रोजच्या कामात तसा कधी येत नाही.

तापमान दाखवणाऱ्या त्याच प्रोग्रॅममध्ये 'हॉटस्पॉट'चा, म्हणजे चिपवरच्या सर्वांत गरम जागेचा, आकडा बघा. तो मुख्य तापमानापेक्षा १० ते १५ अंशांनी जास्त असणं नेहमीचं. २५ किंवा त्याहून जास्त अंतर पडलं असेल तर पेस्ट सुकली किंवा सरकली आहे, नाहीतर हीटसिंक चिपवर नीट बसलेलं नाही. एएमडीच्या बऱ्याच कार्डांत हॉटस्पॉटची मर्यादा ११० अंश असते, त्यामुळे तिथे ९५ दिसलं तरी लगेच धोका नाही. एनव्हिडियाची ३० सिरीजची कार्डं साधारण ८३ अंशांपासून क्लॉक हळूहळू खाली आणतात. आरटीएक्स ३०८०, ३०९० सारख्या कार्डांत मेमरीचं तापमान वेगळं दिसतं. ते १००च्या पुढे सतत राहत असेल तर मेमरीवरच्या पॅडकडे (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्टीकडे) बघावं लागेल.

हवा कुठून येते, कुठे जाते

कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून तेच काम पुन्हा चालवा. तापमान पाच अंश किंवा जास्त उतरलं, तर दोष कॅबिनेटच्या हवेचा आहे, कार्डाचा नाही. एक-दोनच अंश उतरलं तर हा भाग सोडून पुढे जा.

पुढे काच आणि आत रंगीत दिवे असलेल्या स्वस्त कॅबिनेटमध्ये हीच अडचण असते. पंखे तीन, पण समोर काच असल्यामुळे ते ओढणार काय? काच काढता येत असेल तर काढून तिथे बारीक नायलॉन जाळी लावा. समोरून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं घरगुती कामाला पुरतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की फटीफटींतून धूळ ओढली जात नाही. पंखा कोणत्या बाजूला हवा फेकतो, याबद्दल शंका असेल तर उदबत्ती धरून धूर बघा. सहसा ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. कितीतरी मशीनमध्ये पुढचा पंखा उलटा बसवलेला असतो आणि पुढचा-मागचा दोघेही हवा बाहेरच फेकत राहतात.

कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा. तिथे तीच गरम हवा फिरत राहते. भिंतीपासून मागे वीतभर जागा ठेवा, आणि पश्चिमेची भिंत टाळा, कारण दुपारनंतर तीच भट्टी होते.

कूलरबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे तोच खरा उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर खोली सात-आठ अंशांनी सहज उतरवतो आणि कार्डही तेवढंच उतरतं. पण खिडकी किंवा दार उघडं ठेवलं तरच. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो. त्याचं तोंड कॅबिनेटवर थेट रोखू नका, पाच-सहा फूट अंतर ठेवून झोत तिरपा जाऊ द्या. बोअरचं पाणी जड असतं. वाळा किंवा गवत जुनं झालं की बारीक तुषार उडतात आणि कार्डाच्या पिनांवर, पंख्याच्या पात्यांवर पांढरा क्षार बसतो. मृगाचा पाऊस पडला की कूलरचा उपयोग संपतो. दमट हवेत हीटसिंकमधली धूळ ओली होते आणि नंतर वाळून घट्ट बसते. जूनपासून मशीनच्या खोलीत साधा पंखा बरा.

वरच्या मजल्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो. मोठं रेंडर रात्री दहाला लावण्यापेक्षा पहाटे चारला लावलं तर फरक जाणवतो. स्लॅबला वरून चुन्याचा पांढरा हात मारला तर आणखी चांगलं. आणि दुपारी लाइट गेल्यावर कूलर बंद, पंखा बंद, पण यूपीएसवर मशीन चालूच, असं होतं. त्या वीस मिनिटांत खोली आणि कार्ड दोन्ही चढतात. लाइट गेली की रेंडर थांबवा.

धूळ

मार्च ते मे फुफाटा, ऑक्टोबरपासून सोयाबीनच्या मळणीचा भुसा, त्यानंतर कापूस. जिनिंगच्या आसपास किंवा कापूस साठवलेल्या घरात मशीन असेल तर हीटसिंकच्या पट्ट्यांवर पंख्याच्या मागे तंतूंचा नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून कार्ड स्वच्छ दिसतं, आत हवेला वाट नसते.

मशीन बंद करा, मागचा एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) स्विच बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून ठेवा. कार्डाची पॉवर केबल काढा, मागचे स्क्रू काढा, स्लॉटची खिट्टी दाबून कार्ड सरळ वर उचला. गच्चीवर किंवा अंगणात न्या. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर अर्ध्या फुटावरून मारा. पातं मोकळं सोडलं तर ते क्षमतेपेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. आधी पट्ट्यांच्या टोकाकडून, मग पंख्याच्या बाजूने. जमलेला थर रंगकामाच्या नव्या मऊ ब्रशने सोडवा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका. त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं आणि दाबही फार. घरचा व्हॅक्यूम क्लीनर कार्डाला टेकवू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

तंतू आत अडकले असतील तर पंख्याचं प्लॅस्टिक काढावं लागतं. काही कार्डांत ते चार-सहा छोट्या स्क्रूंवर असतं आणि हीटसिंक न हलवता निघतं. पंख्याची वायर बोर्डावर ज्या टोकाने बसते ते टोक चिमट्याने धरून सरळ ओढा, वायर धरून नाही.

पंखा हाताने फिरवल्यावर लगेच अडखळत थांबत असेल किंवा खरखरत असेल, तर त्याच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघून तसाच मागवा. तेल टाकून तो काही आठवडे चालतो, पण रेंडरच्या मध्येच थांबू शकतो.

वॅट कमी करा, फायदा सर्वांत मोठा

कार्ड जेवढी वीज खातं, तेवढी सगळी उष्णताच होते. आरटीएक्स ३०६० १७० वॅटपर्यंत खातं, आरएक्स ६६०० साधारण १३०. खोली ४० अंशांची असताना ही उष्णता मुळातच कमी निर्माण करणं, हा कोणत्याही महागड्या पेस्टपेक्षा चांगला उपाय आहे. आणि त्याला खर्च शून्य.

एमएसआय आफ्टरबर्नर हा कार्डाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम उघडा. पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ८० वर आणा आणि बरोबरची खूण दाबा. वेगात साधारण पाच टक्क्यांच्या आसपास घट होते, तापमान मात्र बऱ्याच कार्डांवर पाच ते आठ अंशांनी उतरतं. तासाभराच्या रेंडरला तीन-चार मिनिटं जास्त लागतील, पण गरमीने क्लॉक पडून जो वेळ जातो तो त्याहून जास्त असतो. पट्टी किती खाली जाते हे कार्डावर अवलंबून आहे.

याहून पुढचं पाऊल म्हणजे व्होल्टेज उतरवणं. एनव्हिडियाच्या कार्डासाठी आधी कोअर क्लॉकची पट्टी उणे २०० वर नेऊन लागू करा. मग कंट्रोल आणि एफ दाबून आलेख उघडा. ८७५ मिलिव्होल्टवरचा ठिपका धरून, ३०६० असेल तर १८०० मेगाहर्ट्झपर्यंत वर उचला आणि लागू करा. उजवीकडची रेघ आपोआप सपाट होते. आता तासभर काम चालवा. पडदा काळा होऊन परत आला किंवा प्रोग्रॅम बंद पडला तर ९०० मिलिव्होल्टवर तोच क्लॉक धरा. स्थिर वाटलं की प्रोफाइल १ म्हणून साठवा, पण विंडोज सुरू होताना आपोआप लागू होण्याची खूण दोन-तीन दिवस स्थिर चालल्यावरच करा. एएमडीसाठी त्यांच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स, मग ट्यूनिंग, मग कस्टम निवडा. व्होल्टेज प्रत्येक वेळी २५ मिलिव्होल्टने उतरवत जा.

गेम खेळणाऱ्यांनी फ्रेम मर्यादा लावावी. ६० हर्ट्झच्या पडद्यावर १४० फ्रेम बनवणं म्हणजे नुसती उष्णता.

पंख्याचा वेगही हाताने आखा. ५० अंशांना ४० टक्के, ७० ला ६५, ८० ला ८५ ही सुरुवात ठीक. हलक्या कामाला पंखे पूर्ण थांबवणारी सोय मे महिन्यात बंद ठेवा. ती चालू असेल तर रिकामं मशीनही ६० अंशांवर बसलेलं दिसतं.

मग पेस्ट

वॉरंटी चालू असेल तर खोलू नका, आधी कंपनीकडे पाठवा. ती संपली असेल आणि हॉटस्पॉटचं अंतर मोठं असेल, तरच पुढे वाचा.

साहित्य: चांगली घट्ट पेस्ट किंवा पीटीएम ७९५० (पेस्टऐवजी लावायची, तापल्यावर मऊ होणारी पातळ पट्टी) चा तुकडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, योग्य मापाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, जाडी मोजायला व्हर्निअर आणि थर्मल पॅड. कापसाने चिप पुसू नका, तंतू राहतात.

खोलण्याआधी कार्ड दहा मिनिटं चालवून गरम करा, पेस्ट सैल होते. मागच्या बाजूने चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू आणि बाकीचे काढा. कागदावर कार्डाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण त्यांच्या लांबी वेगळ्या असतात. हीटसिंक सरळ ओढू नका. हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, चिकट सुटेल. मध्ये पंख्याची वायर ताणली जाते, ती आधी सोडवा.

जुने पॅड फाटले तर त्यांची जाडी न दबलेल्या कडेला मोजा. १, १.५, २ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाड्या एकाच कार्डात असतात. इथेच सर्वांत जास्त कार्डं बिघडतात. अर्धा मिलिमीटर जाड पॅड टाकला की हीटसिंक चिपवरून उचललं जातं आणि हॉटस्पॉट आधीपेक्षा वर जातो. शंका असेल तिथे पॅडऐवजी लगद्यासारखी थर्मल पुटी वापरा, ती दबून जागा घेते.

इथे चिप उघडी असते, प्रोसेसरसारखं वर झाकण नसतं. म्हणून मध्ये ठिपका न देता पेस्ट चारही कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरवा. तापणं-थंडावणं चालू राहिलं की पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि वर्षभरात पुन्हा तेच दुखणं सुरू होतं. त्यासाठी पीटीएमचा तुकडा सरस. तो साधारण ४५ अंशांना मऊ होतो, म्हणून उन्हाळ्यात हाताळण्याआधी पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर वरच्या संरक्षक झिल्लीबरोबर तोही निघून येतो. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी वापरतात तो द्रव धातू) घरी लावू नका. ॲल्युमिनियम खातं आणि एखादा थेंब सांडला तर कार्ड शॉर्ट होतं.

चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत, प्रत्येक वेळी अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला तर चिपचा कोपरा तडकू शकतो. पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतात का हे डोळ्यांनी बघा. पीटीएम लावलं असेल तर पूर्ण परिणाम दिसायला दोन-चार वेळा तापून थंड व्हावं लागतं, पहिल्याच आकड्यावर निकाल देऊ नका.

जुनं कार्ड विकत घेणार असाल तर एक गोष्ट पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि त्यानंतर त्यासाठी वापरलेली कार्डं मोठ्या संख्येने बाजारात आली. मेमरीजवळ तेलाचे डाग दिसत असतील तर पॅडमधलं सिलिकॉन पाझरलं आहे. कार्ड चालेल, पण पॅड आणि पेस्टचा खर्च किमतीतून वजा करून मगच भाव ठरवा.