घरात पाण्याची लाईन टाकताना पाईप किती इंची घ्यायचा: अर्धा, पाऊण की एक?

पाईप किती इंची घेऊ हे विचारायच्या आधी तुमच्या शॉवरपासून टाकी किती वर आहे ते मोजा. हे कोणीच मोजत नाही. प्लंबर येतो, भिंतीला झिरी मारतो, सगळीकडे अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाईप) टाकून मोकळा होतो, आणि मग नवीन बाथरूममध्ये भारीतला शॉवर लावूनही पाणी असं येतं की डोक्यातला शाम्पू निघेपर्यंत नेहमीची लोकल गेलेली असते.

ठाणे-नवी मुंबईत बहुतेक बिल्डिंगना महापालिकेचं पाणी थेट नळाला येत नाही, आधी खालच्या टाकीत पडतं, मग पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून आपल्या वजनाने खाली उतरतं. म्हणजे मोरबे धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी तुमच्या नळाचं प्रेशर ठरतं ते गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवरून. हिशोब सोपा आहे, १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर (म्हणजे चौरस सेंटीमीटरवर १ किलो), एक मजला ३ मीटर धरला तर मजल्यामागे ०.३ किलो. सात मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावाल्याला दीड किलो आरामात मिळतं, त्याने पाईप कसाही टाकला तरी भागून जातं. मार खातो तो टॉप फ्लोअरवाला आणि कोपरखैरणेसारख्या ठिकाणचा रो-हाऊसवाला.

रो-हाऊसचंच बघा. वरच्या मजल्याची उंची १० फूट, शॉवर ७ फुटांवर, वर अर्ध्या फुटाचा स्लॅब आणि त्यावर दोन फुटी कट्ट्यावर टाकी. म्हणजे शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत जेमतेम साडेपाच फूट, म्हणजे १.७ मीटर, म्हणजे ०.१७ किलो! आता अर्धा इंची पाईपातून मिनिटाला १२ लिटर पाणी न्यायचं म्हटलं, म्हणजे बादली सव्वा-दीड मिनिटात भरेल अशी धार, तर १० मीटर लांबीत २.७ मीटर उंचीएवढं प्रेशर नुसतं पाईपात घासण्यात जातं. आणि आपल्याकडे आहे किती, तर १.७. मग १२ लिटर येणार कुठून, जेवढं जमेल तेवढंच येतं, करंगळीएवढी धार. तेच १२ लिटर पाऊण इंचीतून नेले तर त्याच १० मीटरला अर्धा मीटरसुद्धा जात नाही. फरक एवढा मोठा का, तर सीपीव्हीसीमध्ये अर्धा इंचीचं आतलं भोक १२.४ मिमीच्या आसपास असतं आणि पाऊण इंचीचं १८, ऐकायला थोडंच वाटतं पण घर्षण साधारण सहापट कमी होतं.

इथे नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या बिल्डिंगवाल्यांसाठी एक गोष्ट. जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप गंजून चोंदला म्हणून काढता आणि "अर्धा होता, अर्धाच टाक" म्हणता, तिथे फसता. जीआयच्या अर्धा इंचीचं आतलं भोक १६ मिमीच्या आसपास असतं, सीपीव्हीसीचं १२.४. नाव तेच पण पाईप बारीक झाला. गंजलेल्यापेक्षा बराच चालेल यात वाद नाही, पण जीआय जेव्हा नवीन होता तेव्हाची धार परत हवी असेल तर जीआयच्या अर्ध्याच्या जागी सीपीव्हीसीचा पाऊणच घ्या.

आणि हो, "पाईप बारीक केला की प्रेशर वाढतं" असं सांगणारा प्लंबर भेटेलच. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब उडतं हे खरंय, पण तिथे फक्त तोंड बारीक केलेलं असतं, मागची नळी मोठीच असते. अख्खी लाईनच बारीक केली तर तोंडापर्यंत येईस्तोवर जोर संपलेला असतो.

बरं, मग टाकायचं काय. आधी सकाळी सात-साडेसातला घरात एका वेळी काय काय चालू असतं ते आठवा, सगळे नळ मोजू नका, एकत्र चालणारे मोजा. बेसिनचा नळ मिनिटाला ५ लिटरच्या आसपास, किचनचा ६ ते ८, साधा शॉवर किंवा बादलीचा नळ १० ते १२, वॉशिंग मशीन ८-१०. दोन बाथरूमच्या २ बीएचकेमध्ये एकीकडे शॉवर, एकीकडे बादली आणि आई किचनमध्ये, झाले की २८-३० लिटर. पाऊण इंचीतून साधारण २३ लिटर निवांत जातं, एक इंचीतून ३८-३९, अर्ध्यातून ११ (पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरलाय, त्याहून जोरात पळवलं तर आवाजही येतो आणि प्रेशरही जास्त खातं). म्हणून १ आरके, १ बीएचकेला मेन लाईन पाऊण पुरते, २ बीएचकेला मेन एक इंची घ्या, तिथून प्रत्येक बाथरूमपर्यंत पाऊण, आणि अर्धा फक्त शेवटच्या दोन-चार फुटांत. अँगल कॉक, मिक्सर, गिझर सगळ्यांचे आटे अर्ध्याचेच असतात, तिथे पाऊण बाय अर्धा ब्रास एल्बो किंवा टी मिळते. शेवटी अर्धाच आहे मग आधीपासून अर्धाच टाकू, असा युक्तिवाद ऐकू नका, दोन फूट अर्धा आणि दहा मीटर अर्धा यात वरचाच हिशोब आहे. रो-हाऊसला टाकीचा आउटलेट सव्वा इंची ठेवा, वरच्या मजल्यासाठी वेगळी लाईन काढा, नाहीतर खाली कोणी नळ सोडला की वरचा शॉवर रडतो.

एक अपवाद, तोही नेमका विसरला जातो: टाकी नसलेला, भिंतीत बसवलेला फ्लश व्हॉल्व्ह. त्याला काही सेकंदच पाणी लागतं पण एकदम लागतं, त्यामुळे सव्वा किंवा दीड इंची स्वतंत्र लाईन हवी. ती जमत नसेल तर सरळ फ्लश टँक घ्या, त्याला अर्धा इंची भरपूर झाला.

गरम पाण्याला मात्र मोठा पाईप म्हणजे चांगलाच असं नाही. गिझरपासून मिक्सरपर्यंत पाईपात थांबलेलं गार पाणी आधी वाहून जावं लागतं, १० मीटर अर्ध्यात सव्वा लिटर असतं, पाऊणमध्ये अडीचच्या वर. गिझर त्याच बाथरूममध्ये असेल तर अर्धा टाका आणि विसरा. किचनपर्यंत लांब न्यायचं असेल आणि तुम्ही टॉप फ्लोअरला असाल तर पाऊणला पर्याय नाही, थोडं पाणी वाया जाईल. गिझरचं गार पाणी आणि मिक्सरचं गार पाणी एकाच लाईनवरून घ्या, नाहीतर गारचं प्रेशर जास्त होऊन गरम पाणी दाबलं जातं आणि शॉवरखाली नुसता नॉब फिरवत बसावं लागतं. गरमला सीपीव्हीसीच वापरायचा, पांढरा यूपीव्हीसी नाही, आणि गिझरच्या गार बाजूलाही सीपीव्हीसीच. सीपीव्हीसीत एसडीआर (बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) ११ आणि १३.५ असे दोन मिळतात, आकडा मोठा तो पाईप पातळ. ११ वाला थंड पाण्याला २८ किलो झेलतो पण ८२ डिग्रीला तोच ७ किलोवर येतो, म्हणून गरमसाठी ११.

घोडबंदरच्या टॉवरवाल्यांचं दुखणं उलटं असतं. वीस मजले खाली पाणी पडलं तर ६ किलो होतं, म्हणून मध्ये पीआरव्ही, म्हणजे प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह, लावलेले असतात, आणि सगळ्यात वरच्या मजल्यांसाठी बऱ्याच ठिकाणी सोसायटीचाच बूस्टर पंप असतो. आधी सोसायटीच्या प्लंबरला विचारा, उगाच स्वतःचा पंप घेऊ नका. रो-हाऊसला रेन शॉवर हवाच असेल तर ०.१७ किलोवर कुठलाही पाईप चमत्कार करणार नाही, तिथे प्रेशर पंप घ्यावाच लागतो, आणि त्याची टाकीकडची लाईन पंपाच्या तोंडापेक्षा बारीक ठेवायची नाही. महापालिकेच्या लाईनला थेट मोटर लावायची तर नाहीच, बेकायदेशीर आहे, जप्त करतात.

भिंत फोडायच्या आधी एक टेस्ट करा. बादली आणि मोबाईलचा स्टॉपवॉच घ्या, बाथरूमचा एकच नळ सोडून मिनिटाला किती येतं बघा, मग किचनचाही सोडा. एकटा असताना चांगलं आणि दुसरा सोडल्यावर निम्मं झालं तर मेन लाईन बारीक आहे. एकट्यालाच कमी येत असेल तर आधी नळाची जाळी उघडा, क्षाराने भरलेली असते, बोअरच्या पाण्यावर तर हमखास, आणि मग डक्टमधला जुना गेट व्हॉल्व्ह बघा, तो अर्धवट उघडा राहून जाम झालेला असतो. तो बदलून फुल बोअर (आतलं भोक पाईपाएवढंच असलेला) बॉल व्हॉल्व्ह टाकला की कधीकधी पाईपाचा विषयच संपतो. वळणंही मोजा, अर्धा इंचीतला एक एल्बो साधारण फूट-दीड फूट पाईपाएवढं प्रेशर खातो, आणि आळशी प्लंबर एका बाथरूममध्ये असे दहा-बारा बसवतो.

काम झाल्यावर टाईल लागायच्या आधी लाईन भरून हँडपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या, रात्रभर काटा हलता कामा नये. आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढा, पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारायला येणाऱ्याला तेच दाखवायचे आहेत.