तीस टॅबलेट, एक हब आणि एडीबी

शाळेत किंवा ग्रंथालयात वीस-तीस अँड्रॉइड टॅबलेट आले, की ते सांभाळायचं काम हमखास संगणकाच्या सरांच्या गळ्यात पडतं. एकेक उघडून ॲप घालत बसलं तर अख्खा शनिवार जातो, आणि इंदूरच्या छोट्या मराठी संस्थांना दरमहा एमडीएमचे (अनेक टॅबलेट दुरून सांभाळणाऱ्या सेवेचे) पैसे भरणं जडच. गूगलचं फुकटातलं ‘एडीबी’ (अँड्रॉइड डीबग ब्रिज, म्हणजे केबलने जोडलेल्या टॅबलेटला संगणकावरून कमांड देणारं साधन) इथे बरंचसं काम भागवतं. ते ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ या झिप फाइलमध्ये मिळतं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत; टाइप करताना रोमन लहान अक्षरं.)

आधी प्रत्येक टॅबलेटवर सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’वर 7 वेळा टॅप करा, मग डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा. केबल लावल्यावर परवानगीची चौकट येईल, तिथे ‘नेहमी परवानगी’वर खूण करा. आता ‘एडीबी डिव्हायसेस’ दिलं की सिरियल नंबरापुढे ‘डिव्हाइस’ दिसायला हवं. ‘अनऑथराइज्ड’ दिसलं तर ती चौकट राहून गेली. काहीच दिसलं नाही तर सर्वांत आधी केबल बदला. नुसती चार्जिंगची केबल हे नेहमीचं कारण.

दिवाळीच्या सुटीनंतर सगळेच टॅबलेट ‘अनऑथराइज्ड’ झाले तर घाबरू नका. अँड्रॉइड 11पासून 7 दिवस न जोडलेल्या संगणकाची परवानगी आपोआप रद्द होते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल एडीबी ऑथरायझेशन टाइमआउट’ असतं, ते सुटीआधीच चालू करून ठेवा.

यूएसबी हब (एका पोर्टला अनेक केबल जोडायचा डबा) मात्र स्वतःचा ॲडॅप्टर असलेलाच घ्या. इंदूरच्या जेल रोडच्या बाजारात विचारताना हे आधी सांगा. यूएसबी 2चा पोर्ट ठरल्याप्रमाणे 500 मिलीॲम्पियर देतो. तेवढ्यात दहा टॅबलेट लटकवले तर मध्येच काही ‘ऑफलाइन’ होतात आणि दोष आपण स्क्रिप्टला देत बसतो. मे महिन्यात बंद कपाटात चार्जिंग नको.

एकाहून जास्त टॅबलेट जोडलेले असताना नुसतं ‘एडीबी शेल’ (टॅबलेटच्या आत कमांड चालवणारी कमांड) दिलं तर ते अडून बसतं. कोणाशी बोलायचं ते ‘हायफन एस’ आणि सिरियल देऊन सांगावं लागतं. म्हणून एक साधी टेक्स्ट फाइल करा, ओळीला एक सिरियल, आणि टॅबलेटच्या पाठीवर त्याच क्रमाचा आकडा चिकटवा. हे चिकटवणं टाळलं की पुढे कोणता टॅबलेट अडला ते शोधतच बसाल. स्वस्त टॅबलेटांत कधीकधी सगळ्यांचा सिरियल एकच निघतो. तेव्हा ‘एडीबी डिव्हायसेस हायफन एल’मधला ट्रान्सपोर्ट आयडी ‘हायफन टी’ने वापरा. केबल काढून लावली की तो बदलतो, हे ध्यानात असू द्या.

आता बॅशमधला (कमांडची स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला) लूप, म्हणजे तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवणं: ‘व्हाइल रीड’ने फाइल वाचायची आणि प्रत्येक सिरियलवर कमांड चालवायची. गंमत अशी, की पहिल्याच टॅबलेटनंतर लूप थांबतो आणि चूकही दाखवत नाही. ‘एडीबी शेल’ उरलेली यादी स्वतःच गिळून टाकतं. ‘एडीबी शेल हायफन एन’ लिहिलं की यादी सुखरूप. यादी विंडोजच्या नोटपॅडमध्ये केली असेल तर ओळीच्या शेवटचं न दिसणारं अक्षरही सिरियलला चिकटतं आणि टॅबलेट सापडत नाही.

ॲप बदलायला ‘इन्स्टॉल हायफन आर’ द्या, डेटा राहतो. ‘अपडेट इन्कम्पॅटिबल’ आलं तर जुन्या आणि नव्या फाइलची सही (ॲप बनवणाऱ्याची डिजिटल खूण) वेगळी आहे. जुनं काढल्याशिवाय गत्यंतर नाही, पण मग त्यातला डेटाही जातो. नको असलेलं कंपनीचं ॲप ‘पीएम अनइन्स्टॉल’ला ‘डबल हायफन यूझर 0’ जोडून घालवता येतं. ते सिस्टीममधून पुसलं जात नाही. फॅक्टरी रीसेट केलं की परत हजर.

कडक बंदोबस्त हवा असेल तर एखाद्या ॲपला टॅबलेटचा ताबा देणारी ‘डीपीएम सेट हायफन डिव्हाइस हायफन ओनर’ ही कमांड आहे, पण ते गूगल खातं जोडण्याआधीच चालवा. एकही खातं असलं तर नकार येतो.

कोणतीही कमांड आधी एका टॅबलेटवर, मग तिघांवर, मग सगळ्यांवर. आणि मुलांच्या हाती देण्याआधी डीबगिंग बंद करा. पुन्हा लागलं तर ते हातानेच चालू करावं लागेल.