गंडगायचा भूगोल आणि इतिहास कसा समजून घ्यावा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील गंडगाय हे सिडनीपासून सुमारे 390 किलोमीटरवरील छोटे गाव समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात नकाशावर मरमबिजी नदीपासून करावी. उत्तर आणि दक्षिण गंडगाय यांच्यामध्ये एवढे रुंद मैदान मोकळे का राहिले, हा प्रश्न आधी मनात धरावा, कारण गावाचा सारा इतिहास त्यातच आहे.

मूळ वसाहत याच पूरमैदानावर होती. स्थानिक आदिवासींनी पुराची सूचना देऊनही वसाहतकारांनी ती मानली नाही, आणि जून 1852 च्या महापुरात सुमारे 250 वस्तीच्या गावातील 80 च्या आसपास माणसे दगावली. त्या पुरात विराजुरी या स्थानिक आदिवासी समाजातील यारी आणि जॅकी जॅकी यांनी सालीच्या होड्यांतून अनेकांना वाचवले. त्यांचे पुतळे शेरिडन स्ट्रीटवर 2017 मध्ये उभे राहिले, म्हणजे तब्बल 165 वर्षांनी, आणि हा विलंब अभ्यासकाने आवर्जून नोंदवावा.

त्यानंतर उंच भागावर वसवलेले नवे गाव पाहावे. शेवटी हे पूरमैदान ओलांडण्यासाठी बांधलेले 1867 चा प्रिन्स आल्फ्रेड पूल आणि 1903 चा लाकडी रेल्वेपूल यांची लांबी नकाशावर मोजावी. नदी किती पसरू शकते, हे त्यावरून कळते.